गरम आहे तोवर

हाँगकाँगला कोणी भारतातून आलं की मी त्यांना एकदा तरी वॉन्टन नूडल्स खायला नेतेच, आणि बाऊल टेबलावर आला की दरवेळी प्रश्न तोच, एवढुसाच? हो, एवढुसाच असतो. दोन तळहातांत मावेल असा, वर बारीक पिवळ्या नूडल्सचा गुंता, त्यावर चिरलेली थोडी पिवळी पात, कडेने दिसेल न दिसेल असं सूप, आणि ज्यांच्या नावाने आपण आलो ते वॉन्टन, म्हणजे पातळ आवरणात बांधलेल्या कोळंबीच्या पुरचुंड्या, त्या तर दिसतच नाहीत, त्या तळाशी. सेंट्रल भागातल्या नावाजलेल्या दुकानात याचे चाळीस-पन्नास हाँगकाँग डॉलर पडतात म्हणजे आपले पाचशेच्या आसपास रुपये, आणि पाहुण्यांच्या चेहऱ्यावर तो हिशोब चाललेला मला दिसत असतो. मी म्हणते आधी खा, मग बोलू. कारण हा बाऊल लहान आहे तो कंजूषपणामुळे नाही, तो वेळेमुळे लहान आहे, आणि हे एकदा लक्षात आलं की त्या दुकानातली प्रत्येक गोष्ट, अगदी वाढणाऱ्या बाईंची घाईसुद्धा, वेगळी दिसायला लागते.

आधी दुकान कसं असतं ते सांगते. आमच्या घराजवळ साय यिंग पुनला एक आहे, मी तिथे वर्षानुवर्षं जातेय. रस्त्याच्या तोंडाशीच काचेमागे चूल, काच कायम वाफेने धुरकटलेली, आत सात-आठ टेबलं आणि पाठ नसलेली स्टुलं. एकट्याने गेलात तर वेगळं टेबल मिळत नाही, जिथे जागा असेल तिथे अनोळखी माणसासमोर बसायचं, याला इथे दाप तोई म्हणतात आणि याचं कोणाला काही वाटत नाही. समोरचा माणूस पेपर वाचत असतो किंवा मोबाईलवर घोड्यांच्या शर्यती बघत असतो, तुमचे गुडघे एकमेकांना लागतात पण तुम्ही एकमेकांकडे बघत नाही. बसल्या बसल्या पातळ चहाचा ग्लास येतो. म्हातारी माणसं त्या चहात आधी आपल्या चॉपस्टिक्स आणि चमचा विसळून घेतात. टेबलावर लाल व्हिनेगरची बाटली, तिखट तेलाची बरणी, पांढरी मिरपूड, बस. ऑर्डर दिली की पाच मिनिटांच्या आत बाऊल समोर असतो.

आता काचेमागचा माणूस काय करतो ते बघा, मी खूपदा मुद्दाम पुढच्या टेबलावर बसते ते हे बघायलाच. त्याच्यासमोर दोन मोठी पातेली, एकात खळाळतं पाणी, दुसऱ्यात सूप. तो नूडल्सची एक गुंडी उचलतो, बोटांनी झटकून मोकळी करतो, खोल झाऱ्यात टाकून उकळत्या पाण्यात सोडतो आणि लांब चॉपस्टिक्सने सतत हलवत राहतो. पंधरा-वीस सेकंद, जास्त नाही. झारा बाहेर, गार पाण्यात एक बुडी, परत क्षणभर गरम पाण्यात, मग एक जोरदार झटका देऊन सगळं पाणी काढून टाकायचं. आणि बाऊलमध्ये सगळ्यात आधी काय जातं तर चमचा. रिकाम्या बाऊलच्या तळाशी चमचा, त्यावर वॉन्टन, मग सूप, आणि नूडल्स अगदी शेवटी, म्हणजे वॉन्टनच्या आणि चमच्याच्या आधाराने त्या सुपाच्या वर राहतात, बुडत नाहीत. कित्येक दुकानांनी आता चमचा बाजूला द्यायला सुरुवात केलीय पण जुन्या पद्धतीची दुकानं अजून असंच वाढतात.

हा एवढा खटाटोप का, तर या नूडल्स फार नाजूक असतात. मैदा, बदकाची अंडी, पाणी जवळजवळ नाहीच, आणि खार. हा खार म्हणजे आपण पापडाच्या पिठात घालतो त्या पापडखाराच्याच जातीचा, सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट. खाराने पीठ घट्ट होतं, रंग जास्त पिवळा होतो आणि दाताखाली ती जी चिवट-करकरीत उसळी लागते ती येते. कॅन्टोनीज लोकांना, म्हणजे हाँगकाँग आणि त्याच्या आसपासच्या दक्षिण चीनमधल्या लोकांना, ही उसळी चवीइतकीच महत्त्वाची वाटते, कोळंबीसाठीसुद्धा ते तेच बघतात, सोललेली कोळंबी कितीतरी वेळ वाहत्या गार पाण्याखाली धरतात कशाला तर ती चावताना कटकन तुटली पाहिजे म्हणून. पण खाराची दुसरी बाजू अशी की शिजताना त्याचा एक उग्र कडवट वास सुटतो, तो घालवायला ती गार पाण्याची बुडी. आणि नूडल इतकी बारीक असते की गरम सुपात बुडून राहिली की काही मिनिटांत फुगते, मऊ पडते, वर खाराची चव सुपात उतरते, म्हणजे नूडल्सही गेल्या आणि सूपही गेलं. म्हणून नूडल्स वर, म्हणून बाऊल लहान. मोठ्या बाऊलमधल्या शेवटच्या चार घासांपर्यंत तुम्ही पोचाल तोवर त्या मेलेल्या असतात. या लहान बाऊलला साय यूंग म्हणतात, आणि मुळात हे काही पोटभर जेवण नव्हतंच, दोन जेवणांच्या मधे किंवा रात्री उशिरा खायचा पदार्थ होता. दक्षिण चीनमधल्या ग्वांगझौ शहरात फेरीवाले रात्री खांद्यावर कावड घेऊन, बांबूचे तुकडे टकटक वाजवत गल्लीतून हिंडायचे, लोक खाली उतरून रस्त्यावरच उभ्याने खायचे आणि परत वर जायचे.

तर त्या वाढणाऱ्या बाई. हाँगकाँगच्या अशा दुकानांची ख्याती आहे की तिथे लोक उद्धट असतात, हसत नाहीत, बाऊल आदळतात. मला सुरुवातीला त्याचं वाईट वाटायचं हे खरंय, पण एकदा मी बाऊल समोर आल्यावर ऑफिसच्या फोनवर बोलत होते आणि त्या बाई जाता जाता थांबल्या, माझ्या बाऊलकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "सिक ला", म्हणजे खा आता. आवाज रागाचाच होता. पण त्यांना टेबल रिकामं करून हवं होतं असंही नाही, दुपारचे साडेतीन वाजले होते आणि अर्धं दुकान रिकामं होतं. त्यांना माझ्या नूडल्सची काळजी होती. आत एका माणसाने वीस सेकंद मोजून काहीतरी बनवलं होतं आणि मी ते वाया घालवत होते. मी फोन ठेवला. तेव्हापासून मला ती घाई आपुलकीची वाटते, आणि गोड हसून कोमट अन्न वाढणाऱ्या चकाचक रेस्टॉरंटपेक्षा मला या बाईंचा आदळलेला बाऊल कधीही जास्त प्रिय आहे.

इतिहास थोडक्यात सांगते कारण त्यात घराण्यांचा मोठा गुंता आहे. वॉन्टन मुळात चीनच्या उत्तरेकडचा, पण कोळंबी घालून, बारीक अंड्याच्या नूडल्स घालून जे रूप आज आपण खातो ते ग्वांगझौच्या आसपास घडलं. तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या आधी माक वून-ची नावाच्या माणसाचं दुकान फार गाजलं होतं. पुढे युद्ध, मग चीनमधली १९४९ ची कम्युनिस्ट क्रांती, त्या काळात ग्वांगडोंगमधून, म्हणजे ग्वांगझौच्या प्रांतातून, लोंढेच्या लोंढे हाँगकाँगला आले आणि त्यांच्याबरोबर हा बाऊलही आला. माक घराण्यातल्या लोकांनी आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी मग ठिकठिकाणी दुकानं काढली. सेंट्रलचं माक्स नूडल त्यातलंच, जॉर्डनचं माक मान की त्यातलंच, आणि हो हुंग की हे १९४६ साली वान चायला रस्त्यावरची टपरी म्हणून सुरू झालं, त्यांचे संस्थापक याच माकांकडे शिकलेले, आणि त्या दुकानाला पुढे मिशलिनचा, म्हणजे रेस्टॉरंटांना मानांकन देणाऱ्या नामांकित मार्गदर्शिकेचा, तारा मिळाला. रस्त्यावरच्या टपरीपासून तिथपर्यंत, आणि वाढतात अजून नूडल्सच.

वेलिंग्टन स्ट्रीटवर माक्सच्या जवळच समोरच्या बाजूला त्सिम चाय की आहे आणि या दोन दुकानांवरून इथले लोक अगदी मनापासून भांडतात. माक्सचे वॉन्टन छोटे, एका घासात जाणारे, बाऊलही छोटा. त्सिम चाय कीचे वॉन्टन टेबल टेनिसच्या बॉलएवढे, आत नुसती कोळंबीच कोळंबी, बाऊल मोठा, पैसे कमी. बहुतेक पाहुण्यांना दुसरं आवडतं आणि त्यांचं काही चुकत नाही. माझं मत मात्र छोट्याच्या बाजूने आहे. जुन्या पद्धतीच्या वॉन्टनमध्ये कोळंबीबरोबर थोडं डुकराचं मांस असतं, त्यात थोडी चरबी, ती वितळून कोळंबीला एक ओलावा देते, आणि बाहेरचं आवरण इतकं पातळ की आतली गुलाबी कोळंबी दिसते, मागे त्याची शेपटी सुपात मोकळी तरंगते, गोल्डफिशच्या शेपटीसारखी म्हणतात इथे. ती शेपटी सूप धरून ठेवते. मोठा वॉन्टन दोन-तीन घासांत खावा लागतो आणि पहिला घास घेतला की आतलं सगळं सुपात सांडतं, मग ते सूप ते राहत नाही.

आणि सूप हाच तर खरा जीव आहे. ते मला कोणी शिकवलं तर माझ्या आईने, जी त्याआधी आयुष्यात कधी चीनच्या बाजूला फिरकली नव्हती.

आई मालवणची. ती इकडे राहायला आली तेव्हा मी जरा काळजीत होते, हिला इथलं काय आवडणार, फार तर आपल्याकडच्या गाडीवरचे हक्का नूडल्स तिने खाल्लेले. (ते चायनीज वेगळं, ते कोलकात्याच्या हक्का लोकांपासून सुरू झालं आणि आपल्या लोकांनी त्यात मिरची-लसूण घालून आपलं केलं, मला तेही मनापासून आवडतं, पण त्याचा या बाऊलशी संबंध जवळजवळ नाही.) तर आईला साय यिंग पुनच्या त्या दुकानात नेलं, बाऊल आला, तिने चमचाभर सूप तोंडाजवळ नेलं आणि प्यायच्या आधीच थांबली. वास घेतला. म्हणाली, "अगो, ह्यात सुक्या म्हावऱ्याचो वास येता."

मी इतकी वर्षं ते सूप पीत होते आणि मला ते नुसतं छान खारट-गोडसर लागायचं. आईने एका श्वासात ओळखलं. ते सूप डुकराची हाडं, कोळंबीची सालं आणि सुका चपटा मासा यांचं असतं, आपल्याकडच्या लेप्याच्या जातकुळीतला मासा, इथे त्याला ताई तेई यू म्हणतात. तो आधी भाजून घेतात, मग सुपात घालतात, आणि थोडी भाजलेली पूड कधीकधी वॉन्टनच्या सारणातसुद्धा असते. मी मोडक्यातोडक्या कॅन्टोनीजमध्ये त्या बाईंना सांगितलं की माझी आई समुद्राकाठची आहे आणि तिला मासा ओळखू आलाय. त्या आत गेल्या आणि हातात एक सुकलेला मासा घेऊन आल्या, ताटलीसारखा चपटा, कडक, तपकिरी पिवळा, कडा जरा वळलेल्या. आईने तो दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, पोटाकडचा भाग नखाने थोडा खरवडला आणि बोटाचा वास घेतला, मग मान हलवली, म्हणजे मालाला पसंती. नंतर दोघी बोलायला लागल्या, एक मालवणीत आणि एक कॅन्टोनीजमध्ये, मला दोघींचंही अर्धवटच भाषांतर करता आलं पण त्यांना माझी फारशी गरज नव्हती. आई हाताने दाखवत होती की आम्ही पावसाच्या आधी कसे वाळवून भरून ठेवतो आणि निखाऱ्यावर कसे भाजतो, आणि त्या बाई डोळे बारीक करून बघत होत्या आणि मधेच हो हो करत होत्या.

या सगळ्यात माझा बाऊल तसाच. आईचं लक्ष गेलं आणि ती त्या बाईंशी बोलायचं थांबवून मला म्हणाली, "गरम आसा तवसर खा गो." लहानपणी ताटावर बसून पुस्तक वाचत राहिलं की हेच वाक्य यायचं, हाच आवाज. तिथे त्या बाईंना शब्द कळले नसतील पण अर्थ कळला, त्यांनीही माझ्या बाऊलकडे बोट केलं. मी खाल्लं.

या दुकानांचं जेवण किती वेळेला बांधलेलं आहे हे कोविडमध्ये सगळ्यात जास्त दिसलं. २९ जुलै २०२० ला इथे रेस्टॉरंटमध्ये बसून खायला पूर्ण दिवस बंदी आली, कामगार लोक डबे घेऊन फुटपाथवर, पायऱ्यांवर, पावसात आडोसा शोधत जेवत होते, ते फोटो बघून एवढी ओरड झाली की दोन दिवसांत दिवसाची बंदी मागे घ्यावी लागली. संध्याकाळची मात्र पुढेही लागत राहिली, ७ जानेवारी २०२२ पासून तर संध्याकाळी सहानंतर बसून खाणं बंद ते थेट २१ एप्रिलला उघडलं. त्या दिवसांत मी ऑफिसमधून येताना पार्सल घ्यायचे. नूडल्स एका डब्यात, सूप आणि वॉन्टन दुसऱ्या डब्यात, वर नूडल्स चिकटू नयेत म्हणून तेलाचा हात. पण आमचं घर चढावर, पायऱ्या चढून घरी पोचेपर्यंत नूडल्सचा एकसंध गोळा झालेला असायचा, सूप ओतलं की तो सुटायचा खरा पण उसळी गेलेली. चव तीच, मासा तोच, कोळंबी तीच, तरीही तो पदार्थ तो नव्हता. शेवटी मी दुकानाजवळच्या गल्लीतल्या पायऱ्यांवर बसून खायला लागले आणि बघते तर तिथे आणखीही माणसं अंतर राखून बसलेली, प्रत्येकजण मास्क हनुवटीखाली ओढून, मान खाली घालून, भराभर नूडल्स ओढतोय. गप्पा नाहीत, काही नाही. पाच मिनिटांत खाऊन डबा पिशवीत घालून सगळे आपापल्या वाटेने.

बांबूवरच्या नूडल्सबद्दल लिहिल्याशिवाय मात्र हे संपवता येणार नाही. पूर्वी हे पीठ हाताने मळणं शक्य नसायचं, पाणी नसल्याने ते दगडासारखं असतं, म्हणून एक जाड लांब बांबू घ्यायचा, त्याचं एक टोक भिंतीजवळ अडकवायचं, मधे ओट्यावर पीठ, आणि दुसऱ्या टोकावर माणूस एक पाय टाकून बसायचा आणि वरखाली उसळत राहायचा, सगळ्या अंगाचं वजन टाकून, हळूहळू बाजूला सरकत, तास-दोन तास. शाम शुई पोमधलं लाउ सुम की अजून याच बांबूच्या नूडल्ससाठी ओळखलं जातं, मकावमध्येही काही दुकानं आहेत. पण असं काम करणारे हात आता फार थोडे उरलेत आणि त्याची कारणं कोणालाही समजतील अशी आहेत, या कामात कंबर आणि मांड्या जातात, दुकानाचं भाडं डोळे पांढरे करणारं, आणि ज्यांनी हे करून मुलांना शिकवलं त्यांची मुलं बँकांमध्ये आहेत. त्यात गेल्या काही वर्षांत इथले लोक वीकेंडला सरळ सीमेपलीकडे चीनमधल्या शेनझेनला जाऊन स्वस्तात जेवून येतात, त्याचाही फटका छोट्या दुकानांना बसतोच. बहुतेक दुकानं आज फॅक्टरीतून आलेल्या मशीनच्या नूडल्स वापरतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही, चांगल्या मशीनच्या नूडल्स ज्याला नीट उकळता येतात तो माझ्या मते खरा कारागीर आहेच, आणि बांबूच्या नूडल्स दहा मिनिटं सुपात पडून राहिल्या तर त्यांचंही व्हायचं तेच होतं. तरी बांबू जाऊ नये असं मला फार वाटतं. त्या नूडल्सना एक दाताखालचा नकार असतो, तुटायच्या आधीचा एक क्षण, तो मशीनला अजून जमलेला नाही.

इकडे येणार असाल तर जेवणाच्या गर्दीत जाऊ नका, दुपारी तीन-साडेतीनला जा, मूळ वेळ तीच आहे आणि बसायलाही जागा मिळते. आधी सुपाचा एक घोट नुसता घ्या, काहीही न घालता. मग नूडल्स. लाल व्हिनेगर थोडं, तेही अर्ध्यावर आल्यावर, खाराची चव जाणवायला लागली की ते ती मारतं, ते त्यासाठीच ठेवलेलं असतं. तिखट तेल सुपात ओतण्यापेक्षा चमच्यात घेऊन वॉन्टनला लावा, सुपात गेलं की मासा कळत नाही. भूक मोठी असेल तर मोठा बाऊल मागवू नका, एक लहान संपवा आणि दुसरा लहान सांगा, बाई काही म्हणणार नाहीत उलट खूश होतील. शाकाहारी लोकांना मात्र इथे खरंच काही नाही, सुपात मांस-मासा दोन्ही, गाइलान नावाची उकडलेली पालेभाजी येते तिच्यावरही ऑयस्टर म्हणजे कालवांचा सॉस असतो, तो नको म्हणून सांगता येतं पण तेवढ्यासाठी त्यांना बळेच आणू नये. आणि ज्यांना सावकाश जेवायची सवय आहे किंवा बरोबर लहान मूल आहे त्यांनी लो मीन मागवावं, म्हणजे कोरड्या नूडल्स, वर कोळंबीच्या सुकवलेल्या गाबोळीचा लालसर तपकिरी भुगा, आणि सूप वेगळ्या वाटीत. आई आता आली की तेच घेते, नूडल्स आरामात खाते आणि सूप मात्र वाटी समोर आल्या आल्या सगळ्यात आधी संपवते.